अंगठ्याचा बडग्या

खोटी बातमी दिसते कशी, हा प्रश्न चारुशीला भोयरला पडला, तोवर नागपूरच्या गुरुकृपा ले-आऊट या वसाहतीत तो कोणालाच पडलेला नव्हता. दिसायची गरजच काय? ती आपली येत होती. सकाळी दुधाच्या पिशवीआधी येत होती, दुपारी बायका जरा आडव्या झाल्या की येत होती. पपईच्या पानानं साखर जाते. दहाची नाणी बंद झाली. उद्यापासून सूर्यातून अपायकारक किरणं निघणार आहेत, तेव्हा फोन हातात घेऊ नका. आणि हे सांगणारा निरोप फोनवरच आलेला. आली की वाचायची, हळहळायचं आणि पुढं पाठवायची. घरी आलेला प्रसाद एकट्यानं खात नाहीत, तसं.

चारुशीलाही त्यातलीच होती. पण सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये माध्यम साक्षरतेचं शिबिर झालं, आणि उन्हातान्हात गारव्याला बसायला मिळतं म्हणून ती गेली. तिथल्या पोरसवदा सरांनी पडद्यावर एक नकाशा दाखवला. एका गावातून एक थाप निघाली, एक लाल ठिपका. मग दोन ठिपके. मग बघता बघता सगळा नकाशा गोवर आल्यासारखा लाल झाला. शेजारची बाई "काय लोक असतात एकेक" म्हणाली. चारुशीलेला मात्र संताप आला नाही. तिला धाक वाटला. दर्शनाच्या रांगेत पुढं सरकत सरकत मूर्ती एकदम समोर यावी आणि मागायचं तेच विसरावं, तशी ती त्या नकाशाकडं पाहत राहिली. एवढं मोठं काहीतरी आपल्या पर्समध्ये, रुमाल आणि बसच्या तिकिटाच्या मध्ये, इतकी वर्षं पडलेलं होतं!

घरी येऊन तिनं जाहीर केलं, की ले-आऊटच्या बायकांना मी शिकवणार. तिचे यजमान चंद्रभान पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "शिकव. पण आपल्या घरी नको. नवीन टाइल्स आहेत."

वर्ग समाजभवनात भरला. चारुशीलेनं फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: कोणी पाठवलं? कधीचं आहे? स्वतः तपासलं काय? बायकांनी मान डोलावली, आलुबोंडे खाल्ले, तर्री जरा कमी पडली असं प्रांजळ मत दिलं आणि फोटो काढले. त्यातला एक फोटो, ज्यात चारुशीला फळ्याकडं बोट दाखवून उभी आहे, संध्याकाळपर्यंत तिच्याकडेच परत आला. खाली लिहिलं होतं: "गुरुकृपा ले-आऊटमध्ये महिलांना मोफत लॅपटॉप, नाव नोंदणी सुरू." पुढच्या शनिवारी समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. लॅपटॉप नाही हे कळल्यावर एक बाई म्हणाली, "मॅडम, संपले असतील तर तसं सांगा, पण आलेच नाही म्हणू नका. आम्ही वाचून आलो आहो."

"आम्ही वाचून आलो आहो." चारुशीला घरी येऊन हे वाक्य मनात घोळवत कितीतरी वेळ भाजी निवडत बसली, आणि निवडलेली भाजी कचऱ्यात आणि देठं कुकरमध्ये गेली.

मार्ग दाखवला तो इंदूबाईंनी. इंदूबाई म्हणजे शेजारच्या काकू. फोन यायच्या आधीही ले-आऊटच्या बातम्या त्यांच्याच ओट्यावरून सुटायच्या. फोन आल्यावर त्यांना फक्त चप्पल घालायचे कष्ट वाचले.

"अवं चारू, लोकायले भाषण नाही समजत," त्या म्हणाल्या. "लोकायले बडग्या समजते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तवा आपलाबी एक बडग्या काढ. खोट्या बातमीचा. सगळ्यायसमोर जाळून टाक. घेऊन जा गे मारबत!"

आता नागपूरच्या माणसाला बडग्या सांगावा लागत नाही, पण कोणी पाहुणे वाचत असतील म्हणून सांगते. वर्षभरात ज्यानं जीव नकोसा केला त्याचा पुतळा करायचा, मग तो डेंगू असो, महागाई असो, नाहीतर एखादा खड्डा. तो मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या भल्यामोठ्या बाईपुतळ्याच्या मागं मिरवायचा, मनसोक्त शिव्या घालायच्या आणि पेटवून द्यायचा. इडापिडा टळते. निदान एक दिवस तरी टळल्यासारखी वाटते, आणि तेही काही कमी नाही.

तर खोटी बातमी दिसते कशी?

बैठक बसली. एकीचं म्हणणं, बाई करावी, लांब जिभेची. त्यावर बाकीच्या खवळल्या. दुसरीचं म्हणणं, पुरुष करावा, पोट सुटलेला, खुर्चीत पसरून फोन पाहणारा. तेव्हा चंद्रभान कामाच्या निमित्तानं उठून गेले. दोन तोंडं काढू म्हणावं तर कापड पुरेना. कुणाचंही तोंड काढलं तरी ते ले-आऊटमधल्या कुणासारखं तरी दिसणार, हे उघड होतं. शेवटी चारुशीला म्हणाली, "तोंडच नको. अंगठा करू. पाठवतो कोण? अंगठाच ना?"

क्षणभर सगळ्या आपापल्या अंगठ्याकडं पाहत राहिल्या. जणू हा एवढे दिवस घरात राहत होता आणि काय उद्योग करतो ते कोणी विचारलंच नव्हतं.

परवानगीसाठी ती ठाण्यात गेली. हवालदार सज्जन होते. त्यांनी पेन उघडलं.

"बडग्याचा विषय?"

"खोटी बातमी."

"कोणती?"

"एक कोणती नाही, साहेब. सगळ्याच."

"पसरवून कोण राहिलं?"

"आपण सगळेच."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मीबी?"

टेबलावरच्या त्यांच्या फोनमधून एक गंभीर आवाज सांगत होता, की बेंबीत कापूर घातल्यानं चष्मा जातो. हवालदारांनी चष्म्यावरून फोनकडं पाहिलं आणि तो उपडा ठेवला.

"असं करा ताई," ते मऊ आवाजात म्हणाले, "विषय महागाई लिहू. महागाईवर आजवर कोणाची हरकत नाही आली."

अशा रीतीनं सत्याच्या प्रचाराचा श्रीगणेशा खोट्या विषयावर सही करून झाला. येताना चारुशीलेला वाटलं, शिबिरातल्या सरांना हे कधी कळू नये.

बडग्या बांधायला जागा हवी होती. नव्या टाइल्सवर तो बांधला जाणं शक्यच नव्हतं. चौकात भागीरथाचं मिरची कांडप होतं, त्याला लागून टिनाचं शेड होतं. भागीरथा भिवापूरची. माहेरच्या शेतातली मिरची आणायची, इथं कांडून विकायची. दारावर पाटी: "भागीरथा मिरची कांडप, अस्सल भिवापुरी." मशीन सुरू असलं तरी तिचा आवाज मशीनच्या वर ऐकू यायचा. तिनं शेड दिलं. "बांधा. पण माह्या गिऱ्हाइकायच्या वाटेत नको. आता महालक्ष्म्या येऊन राहिल्या, सगळा धंदा याच दिवसायचा आहे."

बांबू आले, जुनी लुगडी आली, पेपरची रद्दी आली. सगळ्या पेपरांतल्या सगळ्या बातम्या खळ लावून एकावर एक चिकटल्या. अंगठा उभा राहिला तो पुरुषभर उंच, आणि भरताच्या वांग्यासारखा. इंदूबाई लांबून, जवळून, चष्मा काढून पाहून आल्या. "वाईट नाही," त्या म्हणाल्या, "फक्त देठ काढून टाक."

"रंग दिल्यावर दिसेल," चंद्रभान म्हणाले. खुर्चीत पसरणाऱ्या पुरुषाच्या सूचनेपासून ते या कामात जिद्दीनं उतरले होते. "आणि दुकानातला रंग नको. एका सरीत वाहते. आमच्या मौद्याले तान्ह्या पोळ्याचे बैल आम्ही विटेच्या भुग्यानं रंगवत होतो. भुगा गाळायचा, खळीत कालवायचा. माणूस जाईल, रंग नाही जाणार."

आणि एका भर दुपारी चंद्रभान भोयर, निवृत्त हेडक्लार्क, बनियनवर, भागीरथाच्या पाटीखाली बारदान्यावर मांडी घालून बसले आणि विटेचा भुगा चाळणीनं गाळू लागले. लालभडक, बारीक, सुरेख पडत होता. शेजारी भागीरथाची तिखटाची परात होती. त्यांनी एकदा घाम पुसला आणि रस्त्याकडं पाहून प्रसन्न हसले.

हे सगळं सविस्तर सांगता येतं, कारण कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला.

तो चारुशीलेला पहिल्यांदा दिसला तो तिनंच काढलेल्या "आधी तपासा" या गटावर. वर लाल अक्षरं: "सावधान! तुमच्या तिखटात काय मिसळतात ते डोळ्यांनी पहा! महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातही विटा! हसतो आहे बघा नराधम!" खाली हात जोडलेले. पाठवणाऱ्या इंदूबाई.

चारुशीला अनवाणीच शेजारी गेली. "काकू, हे काय पाठवलं?"

"तुले मिळालं ना? बरं झालं. घरचं तिखट फेकून दे आधी."

"अहो काकू, हे आमचे हे आहेत!"

इंदूबाईंनी फोन नाकाशी नेला. "बाई वं! चंद्रभानभाऊ आहेत काय? मी तर फक्त मिरची पाहिली."

"तुम्हाला तीन प्रश्न शिकवले होते ना मी?"

"इचारले ना तिन्ही," इंदूबाई दुखावल्या. "कोणी पाठवलं? माह्या भाच्यानं पाठवलं, तो खोटं नाही बोलत. कधीचं आहे? आत्ताचं आहे. तपासलं काय? तपासलं. पाटी आपल्या भागीरथाचीच आहे, डोळ्यानं दिसून राहिली. आता अजून काय करू, सांग."

चारुशीला ओट्याच्या पायरीवरच बसली. इंदूबाईंचं काहीच चुकलेलं नव्हतं. पाटी खरी होती. माणूस खरा होता, हसू खरं होतं, विटेचा भुगा तर शंभर टक्के खरा होता. खोटं कुठं आहे म्हणून बोट ठेवायला जावं, तर बोट ठेवायला जागाच सापडेना. सगळी खरी माणसं धरून आणून एका खोट्या वाक्यात बसवली होती. शिबिरातला तो नकाशा तिला आठवला, आणि कुणीतरी मानेवर थंड हात ठेवल्यासारखं झालं. लाल ठिपका आता तिच्या घरातून निघाला होता.

चंद्रभान घरी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होते. "नराधम म्हणाले त्याचं काही नाही," ते म्हणाले, "पण बनियनले भोक आहे. मागं तुले म्हटलं होतं."

तिनं खुलासा लिहिला. चांगला लांबलचक, शुद्ध, विरामचिन्हांसकट. बडग्या म्हणजे काय, खळ म्हणजे काय, मौद्याचे बैल. उत्तरादाखल हात जोडलेले आले, गुलाबाचं फूल आलं, आणि एकीनं "तुम्हालाही शुभेच्छा" लिहिलं. खुलासा ले-आऊटच्या फाटकाबाहेर पडला नाही. व्हिडिओ तोवर कन्हानला पोचला होता. तिथून चुलतजावेचा फोन आला: "काय वं, भाऊजी मिरचीच्या धंद्यात कधी पडले?"

मग अंकित आला. अंकित म्हणजे "तडकाफडकी न्यूज". म्हणजे तो, त्याची मोटरसायकल आणि एक माइक, ज्यावर पिवळा स्पंज होता. "मावशी, तुमची बाजू मांडा. लोकशाही आहे." चारुशीलेला वाटलं, चला, माध्यमं समाजाची असतात ती अशी. तिनं पदर सारखा केला आणि शांतपणे, शिबिरात शिकवलं तसं, आधी वस्तुस्थिती मान्य करून सुरुवात केली: "हो, तो विटेचा भुगाच आहे. पण तो तिखटात घालण्यासाठी नसून..."

संध्याकाळच्या बातमीत ती म्हणाली, "हो, तो विटेचा भुगाच आहे." मग मोठ्ठा ढोल वाजला. मग तिचा चेहरा गोठला आणि त्याभोवती लाल गोल आला. मग बातमी संपली.

भागीरथा दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"टाइल्स खराब होतील," ती म्हणाली. "ताई, मले एक सांगा. तुमचा अंगठा माह्या दारात काहून बांधला वं? तुमच्या दारात जागा नव्हती?"

चारुशीलेजवळ याला उत्तर होतं, आणि ते तिच्या पायाखाली चकचकत होतं.

"काल दिवसभर मशीन नाही लागली," भागीरथा म्हणाली. तिचा तो मशीनवरचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "गिऱ्हाइक येते, पाटी वाचते, फोन काढते, फोटो घेते, जाते. माह्या बापाच्या वावरातली मिरची हाये. मी हातानं देठं खुडले. असंच राहिलं तर पोळा झाला की मशीन विकतो अन् भावाकडं भिवापूरले जातो. लोकायच्या तोंडी लागाचं वय नाही माहं."

अन्न तपासणीवालेही येऊन गेले. बिचारे नीट वागले. नमुना बाटलीत भरला, सील केला, अहवाल येईल म्हणाले. "तोवर?" चारुशीलेनं विचारलं. "तोवर विका ना. कोणी अडवलं?" तेही खरंच होतं. कोणीच अडवलं नव्हतं. फक्त कोणी येत नव्हतं.

मग चारुशीला घरोघर गेली. दार वाजवून, बसून, चहा नको म्हणून, समजावून सांगितलं. बायका ऐकून घ्यायच्या, "हो का, बाई बाई" म्हणायच्या, आणि निघताना हळूच विचारायच्या, "पण मग तुम्ही टीव्हीवर कबूल काहून केलं?"

पोळा आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मारबत. बडग्या रद्द करावा असं चारुशीलेच्या मनात होतं, पण अर्ज झाला होता, टेंपो ठरला होता, आणि इंदूबाईंनी नवं लुगडं काढलं होतं. अंगठा टेंपोत उभा केला. विटकरी रंग खरोखर पक्का बसला होता. त्याच्या गळ्यात, म्हणजे अंगठ्याला जिथं गळा असावा असं सर्वानुमते ठरलं तिथं, पाटी अडकवली: "खोट्या बातम्या घेऊन जा गे मारबत!"

मारबतीची मिरवणूक जाते त्या इतवारीत गर्दी म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर, गॅलरीत, दुकानाच्या शटरवर माणसं. ढोल असे वाजत होते, की कानांऐवजी बरगड्यांनीच ऐकावं. आणि मग वळणावरून पिवळी मारबत आली. घरांच्या दुसऱ्या मजल्याशी डोळे भिडवत, डुलत, हजारो माणसांच्या खांद्यांवरून तरंगत. बायका लेकरांना उचलून दाखवत होत्या. "घेऊन जा गे मारबत!" हा एकच ओरडा एवढ्या गळ्यांतून निघत होता. कोणी म्हणत होतं रोगराई घेऊन जा, कोणी खोकला घेऊन जा, कोणी आपल्याच मालकाचं नाव घेत होतं. चारुशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन नव्हते, पेपर नव्हता, तेव्हापासून ही एवढी माणसं एका दिवशी रस्त्यावर येऊन आपल्याला काय सलतं ते मोठ्यानं सांगत आलीत. तिनंही तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून "भागीरथाची मिरची" एवढंच निघालं, आणि ते ढोलात बुडालं.

त्यांचा अंगठा मिरवणुकीत बरा चालला. लोकांनी टाळ्या दिल्या. एक म्हातारा म्हणाला, "वांगं भारी बनवलं. वांग्यायचे भावच तसे हायेत." हवालदारांचा अंदाज चुकला नव्हता.

बडग्या जाळायचा तो ले-आऊटच्या टोकाशी, मोकळ्या प्लॉटवर. परत येईपर्यंत तिथं गर्दी जमली होती. आपल्या ले-आऊटची, पलीकडच्या दोन ले-आऊटची. बंदोबस्ताला तेच हवालदार होते. अंकित पिवळा स्पंज घेऊन सगळ्यांत पुढं होता. चारुशीलेनं दोन शब्द बोलायचं ठरलं होतं. ती उभी राहिली आणि पाहिलं तर समोरचे सगळे चेहरे ओळखीचे. हीच सगळी भागीरथाची गिऱ्हाइकं. तिचे तिन्ही प्रश्न तिच्या डोक्यातून साफ पुसले गेले. "पेटवा," एवढंच ती म्हणाली.

चंद्रभाननी काडी लावली. एवढ्या बातम्या खळीनं चिकटवलेल्या, धडधडून पेटल्या.

तेवढ्यात गर्दी फाटली. भागीरथा येत होती. कमरेवर पोतं, केस सुटलेले. कोणीतरी "विटावाली आली" म्हणालं आणि चार फोन वर झाले. ती अंकितच्या फोनसमोरच थांबली.

"काढ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज परत आला होता, मशीनवरचा. "नीट काढ गा. विटेचा भुगा हाये ना हा? मंग मातीच झाली याची. माती घरी ठेवून काय करू? भाऊ उद्या गाडी घेऊन येऊन राहिला. इथलं इथंच जाळून जातो."

"भागीरथा, नको!" चारुशीला धावली. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की महालक्ष्म्यांसाठी कांडलेलं सगळं तिखट ही आगीत घालते आहे. तिनं पोत्याचं एक टोक धरलं. भागीरथानं दुसरं टोक हिसकलं. पोतं उसवलं, आणि लालभडक लोट उसळून थेट अंगठ्याच्या पोटात गेला.

क्षणभर काहीच झालं नाही. जाळ नुसता जरा लाल झाला.

मग हवालदार खोकले. सुरुवातीला सभ्यपणे, मुठीत. मग अंकित म्हणाला, "तर प्रेक्षकहो, आपण पाहून राहिलो..." आणि पुढचे शब्द त्याच्या घशातच राहिले, त्यानं माइकचा स्पंज तोंडात कोंबला. मग पहिली रांग खोकली. मग दुसरी. शेतातून वाऱ्याची झुळूक जावी आणि पीक ओळीनं वाकत जावं, तशी सगळी गर्दी ठसक्यानं वाकत गेली. ढोलवाल्यानं ढोल टाकला. चंद्रभान बनियननं तोंड झाकून, एका हातानं दिशा दाखवत, "वाऱ्याच्या उलट! वाऱ्याच्या उलट!" म्हणत वाऱ्याच्या दिशेनंच धावले. शिंका, ठसके, नाकाडोळ्यांतून पाणी. पलीकडच्या ले-आऊटमधून खिडक्या लागल्याचे आवाज आले आणि त्यांच्या आतूनही खोकला आला.

आणि त्या सगळ्या खोकल्याच्या मधोमध, नव्या लुगड्याचा बोळा नाकाला लावून, मटकन खाली बसलेल्या इंदूबाई ओरडल्या, "अस्सल हाये वं! अस्सल भिवापुरी हाये वं माय! मेली मी!"

हे वाक्य कुणी फोनवर पाठवलं नाही. पाठवायला कुणाला दिसतच नव्हतं. ते तोंडातोंडी गेलं. "अस्सल हाये!" मागचा पुढच्याला, खोकत. "वीट कुठं जळते अशी?" "विटेनं ठसका लागते काय गा?" "माह्या आजीनं नजर काढली तवाही असा लागला नव्हता!" डोळे पुसत, एकमेकांच्या खांद्याचा आधार घेत, शेकडो माणसं तेच म्हणत होती. चारुशीला लाल डोळ्यांनी पाहत राहिली. एवढी माणसं एका वेळी, आपापल्या नाकानं, एकच गोष्ट तपासताना तिनं कधी पाहिली नव्हती. कुठल्या शिबिरात हे दाखवलं असतं, आणि कुठल्या पडद्यावर?

भागीरथा रिकामं पोतं हातात घेऊन उभी होती. तिला एकटीला ठसका लागला नव्हता. सवय होती. तरी तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

रात्र पडायच्या आत पुण्याहून चारुशीलेच्या भावाचा फोन आला, की नागपुरात गॅसगळती झाली म्हणे, शेकडो लोक रस्त्यावर, तुम्ही ठीक आहात ना. त्याला व्हिडिओ आला होता. तिनं अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "बरं, तरी खिडक्या लावून झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कांडायच्या उरलेल्या मिरचीवर, कांडपाचं मशीन लागलं. आवाज थेट घरापर्यंत आला. चारुशीला डबा घेऊन गेली, तर रांग शेडच्या बाहेर, पानठेल्याच्याही पुढं गेलेली. भागीरथाच्या दारात पाटावर बसलेला तिचा भाऊ, जो मशीन न्यायला आला होता, तो आता तिखट मोजून देत होता आणि मोजता मोजता शिंकत होता. चारुशीलेला वाटलं, आपल्याला आत बोलावतील. ती जरा पुढं सरकलीही.

"ताई, लाइनमंदी या," आतून आवाज आला, मशीनच्या वरून. "तुमच्यासाठी वेगळं काही नाही."

ती मुकाट्यानं शेवटी जाऊन उभी राहिली. हा अपमान होता यात शंका नाही. पण एवढा सुखाचा अपमान तिच्या वाट्याला पूर्वी आला नव्हता.

तिच्या पुढं एक अनोळखी बाई होती, पलीकडच्या ले-आऊटची असावी. ती वळून म्हणाली, "कालचं समजलं काय तुम्हाले? या बाईनं मूठभर मिरची टाकली, तर तीन पोलीस बेशुद्ध पडले! दवाखान्यात नेलं! टीव्हीवाल्याची तर वाचाच गेली! इतकी जहाल मिरची, म्हणून आली मी."

चारुशीलेनं एकदा रांगेकडं पाहिलं. ही रांग उभी होती ती कशावर, ते तिला समजलं. गप्प राहिलं असतं तर भागीरथाचं भलंच होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "बेशुद्ध कोणी पडलं नाही. पोलीस एकच होते. ते खोकले. टीव्हीवाल्याला आज सकाळी मी चौकात ओरडताना पाहिलं."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि चारुशीलेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाले काय मालूम? तुम्ही होता काय तिथं?"

चारुशीलेच्या अंगावर सरसरून काटा आला. इतके शनिवार, इतका फळा, इतके आलुबोंडे, आणि तिच्या तोंडावर असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तिला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

"होते," ती म्हणाली.

"मंग सांगा. पण पाहिलं तेवढंच सांगा."

रांगेतली पुढची बाई वळली. तिच्या पुढची वळली. पानठेल्यावरचा माणूस चुना मळता मळता थांबला. आत भागीरथानं मशीन बंद केलं, बहुतेक मिरची संपली होती म्हणून, आणि एकदम शांत झालं. सगळे तिच्याकडं पाहत होते. चारुशीलेनं डबा दोन्ही हातांत नीट धरला, काठोकाठ भरलेलं काही नेत असल्यासारखा, आणि हळूहळू, एकही थेंब सांडू नये अशा बेतानं, सांगायला सुरुवात केली.